दादाच्या कॅसेटी आणि माझे कान

माझा थोरला भाऊ बहिरा झाला, पण एका दिवसात नाही. आधी त्याला पाखरं ऐकू येईनाशी झाली. मग मोबाईलची रिंग गेली. मग वहिनीनं स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका, आणि दोनेक वर्षांत समोर बसलेल्या माणसाचं बोलणंसुद्धा. आम्ही त्याला नगरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा तो पंचावन्नचा होता. डॉक्टर म्हणाले, कानातल्या नसाच मेल्यात. मशीन लावलं तर गोंगाट मोठा होईल, शब्द कळणार नाहीत. हे मी केसपेपरच्या पाठीमागे लिहून त्याला दाखवलं. मी शाळामास्तर, अक्षर मोठं आणि स्वच्छ. त्यानं ते दोनदा वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाला, "कॅसेटी उतरवायच्या ऱ्हायल्या की रं."

काष्टीत त्याचा साउंडचा धंदा होता. तिशीच्या आत त्यानं दोन भोंगे, एक अँप्लिफायर आणि एक जुनी एम-एटी गाडी एवढ्यावर सुरुवात केली. श्रीगोंदा, कर्जत, पार दौंडपर्यंत जत्रा, लग्नं, जागरण-गोंधळ, सप्ते, नाताळात ख्रिस्ती वस्त्यांवरची कीर्तनं असं सगळं त्यानं केलं. आणि पहिल्या कार्यक्रमापासून त्याला एक खोड होती. अँप्लिफायरला टेप जोडून त्यात तो एक कोरी कॅसेट लावून ठेवायचा. जे गायलं जाईल ते तिच्यात उतरायचं. यात कुठलंही मोठं नाव नव्हतं. सगळी आमच्या भागातली माणसं, दिवसा रानात राबणारी, गवंडीकाम करणारी, शेरडं राखणारी. दादा म्हणायचा, "हे लोक मेल्यावर कोन म्हननार हाय असं?" प्रत्येक कॅसेटीवर निळ्या शाईत नंबर आणि वहीत त्या नंबरापुढे गाव, वर्ष, कोण गायलं ते.

पुढे लोकांना डीजे लागायला लागला. दादानंही छातीएवढे बॉक्स घेतले, टेम्पो घेतला. बारा वर्षं तो मिरवणुकीत त्या बॉक्सच्या शेजारी उभा राहिला. त्याला तो आवाज आवडत नव्हता, पण घर त्यावर चालायचं. कान त्यातच गेले.

दवाखान्यातून परत येताना आम्ही नगरच्या एका दुकानात थांबलो आणि हार्ड डिस्क घेतली. तळहातात मावेल एवढी काळी डबी. दुकानदारानं सांगितलं, एक टीबीची आहे. मी ते कागदावर लिहिलं तर दादा मोठ्यानं हसला, दुकानातली सगळी वळून बघायला लागली एवढ्या मोठ्यानं. स्वतःचा आवाज त्याला आता मोजता येत नव्हता. "बहिरा झालो ते झालो, वर टीबी बी झाला म्हनायचा," तो म्हणाला. त्या दिवसात तो हसल्याचं मला एवढं एकच आठवतं.

काम सोपं होतं, पण वेळखाऊ. नव्वद मिनिटांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला नव्वद मिनिटंच लागतात, त्यात घाई करता येत नाही. माझा जुना लॅपटॉप मी त्याला दिला. टेपची वायर लॅपटॉपला जोडली, आणि गाणं चालू झालं की पडद्यावर आवाजाची हिरवी नक्षी कशी उमटते ते दाखवलं. साउंडवाल्याला ते लगेच कळलं. आठवड्याला सहा-सात कॅसेटी व्हायच्या. एक झाली की तो डिस्कवर गावाच्या नावाचं फोल्डर करायचा, त्यात वर्ष, त्यात नंबर. तीनशेच्या आसपास कॅसेटी होत्या.

फक्त एक गोष्ट त्याच्याकडून होणार नव्हती. उतरलेलं नीट आहे की नाही हे ऐकणं. ते काम माझं. मी केडगावला राहतो, तिथून दर रविवारी मोटारसायकलवर काष्टीला जायचो. त्यानं आठवड्याचं काम माझ्यासमोर मांडायचं, मी हेडफोन लावून प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी थोडी थोडी ऐकायची आणि वहीत त्या नंबरापुढे बरोबरची खूण करायची, असं ठरलं.

पहिले दोन-तीन महिने मी ते मनापासून केलं. कित्येकदा थोडं ऐकायचं सोडून पूर्ण ऐकत बसायचो. दादा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मी मान डोलावली की तोही डोलवायचा. एकदा मी ताल धरला तर त्यानं माझ्या बोटांकडे बघून कोणतं गाणं आहे ते बरोबर ओळखलं.

नंतर माझं मन उडालं. त्याला मोठं कारण काही नव्हतं. शाळेतली कामं वाढली होती, माझा एकच सुट्टीचा दिवस, रस्ता खराब, आणि सत्तर-ऐंशी गोंधळ ऐकून झाल्यावर पुढचा गोंधळ मला सारखाच वाटायला लागला. मी फाइल उघडायचो, ऐकायचो नाही. हेडफोनची पिन लॅपटॉपमधून काढून माझ्या मोबाईलला लावायचो आणि मॅच ऐकत बसायचो. कधी पेपर तपासायचो. अधूनमधून मान डोलवायचो, कारण दादा बघत असायचा. दर दहा-पंधरा मिनिटांनी वहीत एक खूण करायचो. बहिऱ्या माणसाला फसवणं एवढं सोपं असतं हे मला तेव्हा कळलं, आणि कळूनही मी ते चालू ठेवलं.

एका रविवारी त्यानं माझ्या खांद्याला हात लावला. पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बघ. हे असं सपाट का दिसतंय? गान्यात चढउतार असतो. हे नुसतं भरल्यावानी दिसतंय."

मी पडद्याकडे पाहिलं. हिरवी नक्षी नव्हती, हिरवा पट्टा होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा. माझ्या कानात तेव्हा शेवटची षटकं चालू होती.

"ऐकलं ना तू? चांगलं हाय का?"

मी अंगठा वर केला.

"मग आवाज जरा जास्तीच घेतला गेला असंल," तो आपल्याशीच म्हणाला आणि पुढची कॅसेट लावायला उठला.

त्या पावसाळ्याच्या आधी काम संपलं. साउंडचं सामान त्यानं आधीच विकलं होतं. ती खोली आता एका खतवाल्याला भाड्यानं द्यायची होती. कॅसेटींची सहा खोकी तेवढी उरली होती, काहींना बुरशी लागायला लागली होती. भंगारवाला दारात उभा होता. दादानं मला विचारलं, "देऊ ना? समदं नीट उतरलंय ना? एकदा गेल्या तर गेल्या."

शेजारी पाठकोरा कागद होता. त्यावर मी लिहिलं, 'दे.'

भंगारवाल्यानं खोकी टेम्पोत टाकली. दादा आत गेला आणि ती काळी डबी एका जुन्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. पुढे जवळजवळ वर्षभर ती तिथेच होती. मी एकदा कागदावर लिहून सुचवलंही, अजून एक डिस्क घेऊन दुसरी कॉपी करून ठेवू. तो म्हणाला, "करू की, काय घाई हाय?"

मग एक बाई आली. दुपारचे तीन वाजले असतील, रविवारच होता, म्हणून मी तिथे होतो. तिशीची, पाठीला सॅक, नगरच्या एका दवाखान्यात नर्स. कर्जतकडच्या एका गोंधळ्याची मुलगी. तो गोंधळी दादाच्या जुन्या कार्यक्रमांत वीसेक वर्षं गात होता, आणि त्याला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

ती दादाला म्हणाली, "काका, बाबांचं एखादं गानं असंल का तुमच्याकडं? मोबाईलमधी नुसते फोटो हायेत. वर्षश्राद्धाला आईला ऐकवावं म्हनते. आई सारखी म्हनती, आवाज इसरत चालले मी."

दादाला तिचे ओठ कळले नाहीत. मी कागदावर लिहिलं. वाचून तो ताडकन उठला. इतक्या चपळाईनं उठलेला त्याला मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. वही काढली, पानं उलटली. "दोनशे सहा आनि दोनशे सात! जत्रेतला हाय त्यो. काय गायलाय बाई तुझा बा, काय सांगू तुला. मानसं उठंनात जाग्यावरनं." वहिनीला हाक मारून त्यानं चहा टाकायला लावला. घरी एक छोटा स्पीकर ठेवला होता तो पुसून लॅपटॉपला जोडला, डबी जोडली, दोनशे सहा नंबर उघडला आणि खुर्ची त्या मुलीच्या समोर ओढून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत बसला.

स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज आला. जाड, एकसारखा, ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिल्यावर येतो तसा. त्याच्या खूप खाली कुठेतरी काहीतरी हलत होतं, पण तो आवाज माणसाचा आहे असं खात्रीनं म्हणता येत नव्हतं.

ती थोडा वेळ वाट बघत राहिली. गाणं आता सुरू होईल असं तिला वाटलं असावं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन फाइल मध्यावर नेली. घूंऽऽ. शेवटाकडे नेली. तेच. दोनशे सात उघडली. तेच. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"लागलं का?" दादानं विचारलं.

मी परत दोनशे सहा लावली.

"काय म्हनतोय? देवीचं आधी म्हनलंय का?" त्याचा चेहरा अजून खुललेला होता.

त्या मुलीनं हळूच मान हलवली. नाही.

दादानं माझ्याकडे पाहिलं, मी पडद्याकडे. मग त्यानं वाकून उजव्या हाताचा तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला. डोळे मिटले. मला वाटतं, अर्धा मिनिट तो तसाच होता. एवढी वर्षं आवाजात काढलेला माणूस, कान गेले तरी हात होता.

"हम हाय हा," तो म्हणाला. "नुसता करंटाचा घूं. वायरीची अर्थिंग तुटलीया."

मग डोळे उघडून त्यानं मला विचारलं, आवाज न चढवता, निदान त्याला तसं वाटलं असेल, "तू ऐकलं हुतंस ना?"

मी कागद ओढला. पेन हातात धरून बसलो. माझ्या बसण्यावरूनच त्याला सगळं कळलं. त्यानं हात स्पीकरवरून काढला, मुलीला म्हणाला, "चुकलं बाई आमचं," आणि उठून बाहेर गेला. गोठ्यापाशी पाठ करून उभा राहिला. वहिनीनं चहा खाली ठेवला. ती मुलगी चहा न घेताच गेली. जाताना मला एवढंच म्हणाली, "सर, कॅसेट असंल की पन मूळची?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकून भंगारवाल्याला गाठलं. त्याला खोकी आठवत होती. "ते पलॅस्टिक तवाच गेलं की सर, गाडी भरून," तो म्हणाला. "फीत निघती त्यातली, तिला कोन घेत न्हाई. ती आमी पेटवून देतो." त्यानं अंगणाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे काळी पडलेली जमीन होती, दुसरं काही नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डबी केडगावला आणली आणि पहिल्या नंबरापासून सगळ्या फाइली ऐकल्या. या वेळी खरोखर. एकशे सतरापर्यंत सगळं नीट होतं. एकशे अठराव्या कॅसेटीत मधेच एक कट्ट असा आवाज होतो, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत घूंऽऽ. वायर टेबलाच्या पायाखाली दबली असेल, कोणाचा पाय अडकला असेल, काय झालं ते आता सांगता येत नाही. मी त्याच्या पुढच्या रविवारी हेडफोन लावून एक मिनिट ऐकलं असतं तर पाच-सहा कॅसेटी परत घ्याव्या लागल्या असत्या, बस. अशा पावणेदोनशे नंबरांपुढे मी न ऐकता बरोबरच्या खुणा केल्या होत्या. वहीत त्या सगळ्या आहेत, लाल पेनात, मुलांच्या वह्यांवर करतो तशाच.

चांगल्या एकशे सतरांत मला आणखी एक गोष्ट ऐकू आली, जी मी पहिल्यांदा ऐकताना पुढे ढकलून दिली होती. प्रत्येक कॅसेटीच्या सुरुवातीला दादा माईक तपासतो. "हॅलो, हॅलो. आवाज येतोय का मागं? बाया बसल्यात तिकडं येतोय का?" किती हळू बोलायचा तो. किती अदबीनं. आता तो कपभर चहा मागतो तरी शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. मी घरात बसून माझ्या भावाचा जुना आवाज ऐकला आणि बायकोला कळू नये म्हणून दार लावून घेतलं.

पुण्यात एका स्टुडिओत मी दोनशे सहा आणि दोनशे सात घेऊन गेलो. तिथल्या मुलीनं दोन दिवस खपून तो घूं बराचसा काढला. खाली जे उरलं ते विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसं होतं. शब्द कळत नव्हते. संबळाचा ठोका कुठे कुठे कळत होता. ती म्हणाली, "याच्यापुढं काही निघणार नाही सर. आवाज आत गेलाच नाहीये नीट."

तेवढंच मोबाईलमध्ये घेऊन मी कर्जतला गेलो. वर्षश्राद्ध होऊन महिना झाला होता. नर्स मुलगी घरी होती, तिची आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मी आधीच सांगितलं की फार काही नाही. मोबाईल ओट्यावर ठेवला. दोघी वाकून ऐकायला लागल्या.

मुलीला त्यात काही सापडलं नाही, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. दोनेक मिनिटांनी ती म्हणाली, "राहू द्या सर." मी हात पुढे केला तर आईनं माझं मनगट धरलं.

"थांबा. मागं घ्या जरा."

मी मागे घेतलं.

"ह्यो बघा. ह्यो!" म्हातारी मुलीकडे वळली. "खोकला हाय त्यांचा. ऐक की. कडवं संपलं की खोकायचे ना गं."

मी परत लावलं. दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी दोनदा खरखरलं. मला तो खोकला आहे हे तिनं सांगितलं म्हणून कळलं. तिनं ते सात-आठ वेळा मागे घ्यायला लावलं. रडली नाही. शेवटी पदर तोंडाला लावून म्हणाली, "गानं न्हाई का राह्यलं?"

मी नाही म्हणालो. मुलीनं फाइल तिच्या मोबाईलवर घेतली. मला पाणी दिलं, दारापर्यंत सोडायला आली. मी तिला सांगितलं, चूक माझी होती, काकांची नव्हे. ती म्हणाली, "त्या दिवशीच कळलं हुतं."

दादाला मी सगळं लिहून दाखवलं. दोन पानं झाली. मॅच, पेपर, खुणा, सगळं. शेवटी कर्जतचा खोकला. त्यानं वाचलं. मग म्हणाला, "त्याला दमा हुता. खोकला आला की मी माईक खाली घ्यायचो. त्या टायमाला घ्यायचा ऱ्हायला असंल." माझ्याविषयी एक शब्द नाही. मी 'माफ कर' असं लिहिलेली ओळ सगळ्यात खाली होती. तिथपर्यंत तो पोचला की नाही, मला आजही माहीत नाही.

मी आणखी एक डिस्क घेतली आणि एकशे सतरा फाइलींच्या दोन कॉप्या केल्या. एक केडगावला ठेवली, एक त्याला दिली. सोबत यादी, नीट असलेल्या नंबरांची. त्यानं यादी हातात धरली आणि म्हणाला, "तू म्हनतोस चांगलं हाय म्हनून. मी कसं समजू? उद्या कोन आलं मागायला, त्याच्या म्होरं बसून परत त्येचं त्वांड बघू का?"

यादी त्यानं टेबलावर ठेवली.

आता ते काम वहिनी करते. तिला आधी कोणी विचारलंच नव्हतं. तिला राग-ताल काही कळत नाही, असं आम्ही दोघांनीही धरून चाललो होतो. रानातून आली की हातपाय धुऊन ती हेडफोन लावून बसते आणि एक फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते, मध्ये काही सोडत नाही. खूण करत नाही. तिला वाकडंतिकडं, पण लिहिता येतं, म्हणून जे ऐकू येईल ते ती एका नव्या वहीत लिहून काढते. लहान पोर रडतंय. कुत्रं. बाई हसली. देवीचं गाणं, तीन कडवी, तिसऱ्याला आवाज फाटला. कोणीतरी म्हणतंय सरका सरका. एका कॅसेटीला तिला चार-चार दिवस लागतात. झालं की वही ती दादापुढे ठेवते आणि तो चष्मा लावून वाचत बसतो. वाचताना त्याचं बोट मांडीवर हलतं.

हे मी एकदाच पाहिलं, खिडकीतून. मी आत आलो की तो वही मिटून बाजूला ठेवतो आणि विचारतो, रस्ता झाला का नीट?